नारळवाले मामा आणि चार सळ्यांचं मशीन : बोअरसाठी पाणी बघून देणाऱ्या दोन सर्व्हिस घेतल्या, त्याचा रिव्ह्यू

बोअरला पाणी लागलंय. दीड इंची धार, १७२ फुटांवर. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं, तेवढं वाचून तुम्ही लगेच नंबर मागणार, आणि माझं सगळं दुखणं नेमकं तिथंच आहे. नंबर देणार नाही, नावं पण टाकणार नाही. दोघंही पोटापाण्यासाठी फिरणारी माणसं आहेत आणि मी पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाचा धंदा बसावा अशी इच्छा नाही.

शेत माण तालुक्यात. पाऊस आमच्याकडं नुसता वाटेनं जाताना दिसतो. दोन वर्षांपूर्वी एक बोअर कोरडी गेलेली, ती दुसऱ्या एका पाणाड्यानं दाखवलेली, त्या पाणाड्याचं नाव आज घरात कुणाला आठवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे. ज्याचं पाणी लागतं त्याचा नंबर गावभर फिरतो, ज्याचं फेल जातं तो माणूसच पुसला जातो, आणि ज्याचे पैसे बुडाले तो फजिती नको म्हणून गप्प बसतो.

यावेळी अण्णा म्हणाले मामांना बोलवू, मी म्हणालो मशीनवाल्याला बोलवू, मग आई म्हणाली दोघांना बोलवा पण भांडू नका. बोलावले.

मामांपासून सुरू करतो. वय सत्तरीच्या आसपास, पांढरा पायजमा, खिशात पट्टीचा टेप. टेप कशाला ते शेवटपर्यंत कळलं नाही, एकदाही काढला नाही. फी ११०० रुपये, एक असोला नारळ आपण द्यायचा, जाण्यायेण्याचा खर्च आपला आणि पाणी लागलं तर 'खुशीनं काय द्यायचं ते द्या'. फेल गेली तर पैसे परत नाहीत, पण तसं ते आधीच स्पष्ट सांगतात, लपवाछपवी नाही. मामा पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले, आणि पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी आणि गुप्तधन दिसतं हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. शिवाय रक्तगट ओ पॉझिटिव्ह. आता रक्तगट हा शोधच १९०१ चा, म्हणजे पायाळूच्या जोडीला हा नवा पुरावा मागच्या शंभरएक वर्षांत कधीतरी आत शिरलाय. मामांना तसं बोललो नाही.

तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि चालत राहायचं. जिथं झरा असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो. मी मोबाईल काढून शूटिंग करत होतो, मनात पक्कं की हे हातचलाखीचं काम, पण खरं सांगतो, जवळून बघितलं तर त्यात चलाखी काही नव्हती. मामांच्या कपाळावर घाम, मनगटाची शीर ताठलेली, आणि नारळ उठला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी खालून हाक मारली. हा माणूस फसवत नाहीये एवढं मला तिथंच पटलं. तो बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि लोक हे दोन प्रश्न एकातएक करून टाकतात. आमचे अण्णा तर 'एवढा देवमाणूस, खोटं कशाला बोलेल' एवढ्यावरच विषय संपवतात. अहो खोटं बोलत नाहीच तो, पण खरं बोलणारा माणूस चुकू शकतो की नाही?

मग मामा म्हणाले, तुम्ही धरून बघा. रक्तगट कुठला? मी म्हणालो ओ पॉझिटिव्ह. वास्तविक माझा बी पॉझिटिव्ह आहे, पण म्हटलं बघू तरी. नारळ घेतला आणि ज्या दगडाजवळ त्यांनी खूण केलेली तिकडं चालायला लागलो, आणि दगडापासून तीनेक पावलं राहिली असतील, नारळ हलला. माझ्या हातात. आधी थोडा डोलला, मग शेंडी वर यायला लागली आणि मला ती थांबवताच येईना. अंगावर काटा आला राव. मामा म्हणाले, 'बघा, ओ पॉझिटिव्ह'.

बीएला माझं तत्त्वज्ञान होतं, आता एका बँकेत कर्जाच्या फायली बघतो. अण्णा तेव्हा विचारायचे या विषयाचा उपयोग काय, तर हा घ्या उपयोग. आपल्याकडच्या सगळ्या दर्शनांत प्रत्यक्ष, म्हणजे स्वतःच्या इंद्रियांनी कळलेलं, हे पहिलं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, चार्वाकांनी तर तेवढंच खरं मानलं. आणि माझ्याकडं आता प्रत्यक्ष होतं, माझ्या स्वतःच्या हातातलं. पण प्रत्यक्ष कशाचं? नारळ फिरला याचं. पाणी खाली आहे याचं नाही. मधला धागा मी जोडला, मामांनी जोडला, नारळानं नाही. आणि दगड कुठं आहे ते मला माहीत होतं हो, हीच तर गोम. विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५२ मध्येच याला नाव दिलं, इडिओमोटर, म्हणजे मनात जे येणार असं वाटतं त्याप्रमाणे स्नायू बारीक बारीक हलतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. गोल नारळ तळहातावर ठेवला की तो आधीच कडेलोटाला आलेला असतो, केसभर मनगट वळलं तरी पुरे. तरी अंगावर आलेला काटा खरा होता. तो कार्पेंटरसाहेबाला विचारून येत नाही.

मामांनी पाच ठिकाणी दगड ठेवले. त्यातलं तिसरं त्यांच्या मते सगळ्यात भारी, १२० फुटांवर दोन इंची. बांधापासून प्रत्येक दगड किती पावलांवर ते मी वहीत लिहून घेतलं. मग मामा चहाला बसले तेव्हा पुतण्याला सांगितलं, दगड उचल. आणि मामांना विचारलं, डोळे बांधून पुन्हा कराल का? मला वाटलं चिडतील. मामा म्हणाले, 'बांधा की, त्यात काय'. गमजा बांधला, मी कोपराला धरून चालवत नेलं, पुन्हा पाच ठिकाणी नारळ उठला. चार ठिकाणं पहिल्यापेक्षा वेगळी निघाली, एक तर सतरा पावलं लांब. एक जुळलं, दोन पावलांच्या आत, ते बांधावरच्या उंबराजवळचं. उंबराची सावली डोळे बांधलेल्याला पण कळते, पायाखाली पाला लागतो. योगायोग म्हणा किंवा काही म्हणा. झाडावरून, वारुळावरून पाणी ओळखायच्या खुणा तर वराहमिहिरानं बृहत्संहितेत दिल्यात, सहाव्या शतकात, दकार्गल नावाचा अख्खा अध्यायच आहे त्यावर, आणि त्यात उंबर आहे, जांभूळ आहे. त्यामुळं मामांना काहीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षं रान बघणाऱ्या माणसाला उतार, झाड, मातीचा रंग यातून काहीतरी कळत असणार, फक्त ते नारळातून येतं असं त्यांना वाटतं.

फडकं सोडल्यावर मामांना वहीतले आकडे दाखवले. शांतपणे म्हणाले, 'ऊन चढलं की ओढ कमी होते.' आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले तुम्ही विचारलं कुठं. आणि इथं माझा खरा आक्षेप आहे, ११०० रुपयांबद्दल नाही. पाणी लागलं तर नारळ खरा, नाही लागलं तर रिगवाल्यानं बोअर वीतभर सरकवून मारली, झरा वळला, अजून वीस फूट जायला पाहिजे होतं, घरात सुतक होतं. कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञानं १९३४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलेलं, काय झालं तर तू चूक मानशील ते आधी सांग, ते सांगता येत नसेल तर तुझं म्हणणं कितीही वेळा खरं ठरलं तरी त्याला विज्ञानाचा भाव मिळणार नाही.

असली परीक्षा मोठ्या प्रमाणावर जर्मनीत झालेली आहे. म्युनिकजवळच्या एका धान्याच्या कोठारात, १९८७-८८ मध्ये. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाईप गाड्यावर ठेवून १० मीटरच्या रेषेत कुठंही सरकवायचे, वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं सांगायचं पाईप कुठाय. पाचएकशे जणांतून निवडलेले ४३ जण आणि ८४३ वेळा चाचणी. करणाऱ्यांनी जाहीर केलं की बहुतेकांना जमलं नाही पण पाचसहा जणांत काहीतरी विलक्षण आहे. मग एनराइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेच आकडे घेऊन पुन्हा मांडले आणि दाखवलं की ते विलक्षण सहा जण पण वेगवेगळ्या फेऱ्यांत तेच करून दाखवू शकलेले नाहीत, आणि दरवेळी डोळे झाकून रेषेच्या मधोमध बोट ठेवलं असतं तरी निकाल साधारण तेवढाच आला असता. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की ४३ जण नाणं उडवत बसले तरी त्यातले पाचसहा भारी निघणारच. आमच्या तालुक्यात पाणाडे किती असतील? त्यातले जे भारी निघाले त्यांचेच नंबर आपल्यापर्यंत येतात.

आता मशीनवाला, कारण नारळाला हसून मशीनच्या पाया पडणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

फी ३५०० रुपये, जीएसटीचं बिल मागितलं तर 'देतो देतो'. तरुण मुलगा, बोलायला चांगला, वेळेवर आला. जमिनीत चार लोखंडी सळ्या ठोकल्या, बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांत किती व्होल्टेज येतंय ते मोजायचं. बाहेरच्या सळ्या जशा लांब नेत जाल तसा करंट खोल उतरतो, त्यातून खालच्या खडकाचा रोध काढायचा. कोरडा काळा पाषाण करंट अडवतो, पाणी धरलेला भेगाळ खडक जाऊ देतो. ही पद्धत खरी आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, हसण्यासारखं त्यात काही नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला, लाल पिवळा निळा, निळं म्हणजे पाणी. ९० ते ११० फुटांवर एक निळा पट्टा आणि २०० च्या पुढं दुसरा. मी खूश.

मग विचारलं, हे रंग नेमके ठरतात कसे? 'सॉफ्टवेअर देतं सर.' म्हणजे कशावरून देतं? 'रीडिंगवरून.' बरं, निळ्यात पाणीच असेल कशावरून, चिकणमाती पण करंट जाऊ देते ना? यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, 'सर आमचा ८० टक्के सक्सेस आहे.' मामा म्हणाले होते, 'शंभरात नव्वद.' दोघांनाही विचारलं की हे मोजलं कसं, वही आहे का. वही दोघांकडं नाही. नारळाला मी हसलो आणि रंगीत कागदाला हसलो नाही, कारण तो कागद माझ्या जातीचा, शिकलेल्या माणसाला भुरळ घालणारा. त्या पोराला सॉफ्टवेअरच्या आत काय चालतं ते माहीत नाही, मला नाही, आमच्या दोघांचाही विश्वासच, फक्त तो कुणावरतरी ठेवलेला की त्याला कळत असणार. हे शब्दप्रमाण झालं, आप्तवाक्य. वाईट नाही ते, जगात शंभरातल्या ९९ गोष्टी आपण अशाच मानतो, डॉक्टरचं, बँकेच्या पासबुकाचं. पण मग मामांच्या गिऱ्हाइकांना अडाणी म्हणताना जीभ जरा अडखळली पाहिजे.

फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. मशीन कुठं चुकेल ते आधी सांगता येतं, चिकणमाती असेल तर चुकेल, वरून विजेची लाईन जात असेल तर चुकेल, सळ्यांखाली जमीन कोरडी ठणठणीत असेल तर चुकेल. नारळ कुठं चुकेल ते फक्त चुकल्यावर कळतं.

मामांचा तिसरा दगड आणि मशीनचा पॉइंट यांच्यात तेरा फूट अंतर. अण्णांनी तिसऱ्या दगडावरच मारायचं ठरवलं, मी हो म्हणालो, घरात शांतता महत्त्वाची. रिग तमिळनाडूची, पोरं पण तिकडचीच, नारळ त्यांनीच फोडला आणि त्यांना तो कशासाठी आणलेला ते माहीत नव्हतं. फुटाला ११० रुपये, केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत घालायचा पाईप, फुटाला ४०० वेगळं. भूजल कायदा ६० मीटरच्या पुढं गेलं की खोल विहीर म्हणतो, म्हणजे १९७ फूट, त्याच्या आत बसवायचं असं ठरवून घेतलेलं.

४० फुटांपर्यंत मुरूम, केसिंग. मग काळा पाषाण, आणि पांढरी धूळ अशी की समोरचं बैल दिसेना. दर वीस फुटांना पोरं चुऱ्याचा एक एक ढीग लावत होती. ९५ ला लाल गेरू आला. हातात घेतला तर चिकट, ओठाला लावला तर ओठाला चिकटला, पाणी थेंब नाही. हा मशीनचा पहिला निळा पट्टा. १२० ला मामांचा झरा यायचा होता, आली धूळ. अण्णा माझ्याकडं बघेनात. १५० लाही धूळ. मग १७० च्या आसपास चुरा बदलला, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक लागला, आणि दोनेक फुटांत धूळ एकदम बसली. आवाज बदलतो हो, ज्यानं ऐकलाय त्याला कळेल, कॉम्प्रेसरचा कोरडा खणखणाट जाऊन घशात पाणी अडकल्यासारखा होतो. आधी ओला चिखल उडाला, मग राखाडी पाणी. १९५ ला थांबवलं. अण्णा रडले. मी पण, लिहायला लाज नाही.

रात्री मामांचा फोन, 'सांगितलं होतं ना?' सकाळी मशीनवाल्याचा मेसेज, 'आपलाच पट्टा सर, तेरा फुटांत फरक पडत नाही, रिव्ह्यू टाका.' मामांनी १२० सांगितलेलं, मशीननं ९० आणि २०० सांगितलेलं, पाणी १७२ ला, जिथं मशीनच्या कागदावर पिवळा रंग आहे. आणि दोघंही मनापासून म्हणतायत की त्यांना माहीत होतं.

आठव्या शतकात काश्मीरला धर्मोत्तर नावाचे बौद्ध पंडित होते, त्यांचं एक उदाहरण कॉलेजात वाचलेलं, तेव्हा नुसतं परीक्षेपुरतं. तहानलेला वाटसरू वाळवंटात चाललाय, लांब पाणी चमकताना दिसतं. असतं मृगजळ. पण तो तिथं पोचतो तर नेमकं तिथंच एका दगडाखाली खरोखरचं पाणी सापडतं. आता सांगा, त्याला पाणी आहे हे माहीत होतं का? तो म्हणाला ते खरं निघालं, पण ज्याच्या जोरावर म्हणाला ते मृगजळ होतं. धर्मोत्तर म्हणतात हे ज्ञान नव्हे. त्यांचंच दुसरं उदाहरण, कुणी मांस भाजायला नुकती आग पेटवलीये, धूर अजून निघायचाय, तेवढ्यात वासानं किड्यांचा थवा जमतो आणि लांबच्या माणसाला तो धूर वाटतो, तो म्हणतो तिथं आग आहे. आग आहेच. तरी त्याला माहीत नव्हतं. पश्चिमेकडं हाच काटा १९६३ मध्ये एडमंड गेटिए या अमेरिकन माणसानं तीन पानांच्या लेखात काढला आणि तिकडचे प्राध्यापक अजून त्या तीन पानांवर पगार घेतायत.

तर मामा मृगजळवाले आणि मशीनवाला किड्यांचा थवा. पाणी दोघांचंही खरं.

आणि पाणी लागायचं कारण विचाराल तर महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लाव्ह्याच्या थरांवर थर रचून झालाय, दोन थरांच्या सांध्यात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत, भेगांत पाणी साठतं. नदीसारखे झरे खाली वाहत नाहीत की वीतभर सरकलं तर चुकावं. मी शिवारात फिरून १४ बोअरची चौकशी केली. १३ पाणाड्यानं दाखवलेल्या, त्यातल्या ८ ना पाणी. चौदावी एका मास्तरांनी न विचारता गोठ्याजवळ मारली, म्हशींना सोयीचं पडावं म्हणून. तिला पण पाणी आहे. एका बोअरवरून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे, पण न दाखवता मारलेल्या दहावीस बोअर असत्या तर तुलना करता आली असती, आणि त्या नाहीत कारण एवढे पैसे घालताना नारळाशिवाय मारायची छाती कुणाची होत नाही. माझीही झाली नाही.

स्टार द्यायचे तर मामांना वागण्याचे पाच, नारळाचा एक. मशीनवाल्याला तीन, बिल दिलं असतं तर आणखी एक वाढवला असता. रान मोठं असेल तर मशीन लावाच, फक्त रंगीत चित्र न घेता मूळ रीडिंगचा तक्ता मागा आणि तो भूजलशास्त्र शिकलेल्या कुणालातरी दाखवा. सळ्या ठोकण्याआधी जमिनीवर पाणी टाकतोय का ते बघा, आमच्यानं टाकलं नाही, मी नंतर वाचलं. मामांना बोलवायचं तर सकाळी लवकर बोलवा, म्हणजे उन्हाचं कारण राहणार नाही.

मामांना रक्तगटाचं खरं अजून सांगितलेलं नाही.

काल शेजारच्या बांधावरच्या आबांचा फोन आला, तुमच्यात लागलं म्हणे मामांच्या हातनं, बोलवू का? अण्णांनी नंबर आधीच दिलेला होता. मी म्हणालो बोलवा, पण मारायच्या आधी मामांनी किती फुटांवर आणि किती इंची सांगितलं ते मला फोनवर सांगा, मी लिहून ठेवतो. आबा म्हणाले त्यानं काय होणार. म्हटलं काही नाही, लिहून ठेवतो. वहीत आता तीन नोंदी आहेत. आबांची गुरुवारी आहे, १४० फूट, अडीच इंची.